सिमेंटची स्प्रिंग आणि पाण्याचा ग्लास

भोसरीकर

परवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "सिमेंटात पॉलिमर घातलं की ताकदही वाढते आणि पाणीही अडतं." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय. माझ्या उमेदीची दोन वर्षं एका पदार्थावर गेली आणि त्यानं मला नेमकं उलटं दाखवलं. ज्या पॉलिमरनं (म्हणजे गोंद-प्लास्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या रसायनानं) सिमेंटला अफाट ताकद दिली, त्याच पॉलिमरच्या वाटेनं पाणी आत शिरलं. तिथे फार लांबण लागली असती, म्हणून हा वेगळा धागा.

पदार्थाचं नाव एमडीएफ सिमेंट. फर्निचरच्या एमडीएफ बोर्डाशी याचा काही संबंध नाही. इथे एमडीएफ म्हणजे मॅक्रो-डिफेक्ट-फ्री, मोठे दोष काढून टाकलेलं सिमेंट. इंग्लंडात रनकॉर्नला आयसीआय या रसायन कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथल्या बर्चॉल, हॉवर्ड आणि केंडॉल या तिघांनी १९८१ साली 'नेचर'मध्ये यावर लेख लिहिला. सिमेंट दाबाला भक्कम असतं, वाकवायला गेलं की काडकन मोडतं, हे आपण सगळे जाणतो. त्यांचं म्हणणं असं की हा सिमेंटचा स्वभाव नाही. आत राहिलेल्या हवेच्या मिलिमीटरभर पोकळ्यांचा हा दोष आहे. तडा तिथून सुरू होतो. पोकळ्या काढा, सिमेंट वाकेल.

आणि ते वाकलं. त्यांनी सिमेंटची चक्क स्प्रिंग करून दाखवली, ओढली की लांबणारी आणि सोडली की परत येणारी. त्या स्प्रिंगचा फोटो मी पहिल्यांदा कॉलेजच्या लायब्ररीत पाहिला आणि एम.ई.चा विषय तिथेच ठरला.

कृती सांगतो. सिमेंट १०० भाग. पाणी १०-१५ भाग, म्हणजे आपण काँक्रीटला घालतो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शानं. पाण्यात विरघळणारं पॉलिमर ५ ते ७ भाग, बहुतेक पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए. थोडं ग्लिसरीन. एवढ्याशा पाण्यात सिमेंट साध्या मिक्सरमध्ये भिजतसुद्धा नाही. त्यासाठी रबरवाल्यांची टू-रोल मिल लागते. दोन जाड लोखंडी रूळ वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मधल्या फटीत माल चिरडला जातो, ओढला जातो.

भोसरीत एका छोट्या रबर कारखान्याच्या मालकांनी रविवारी मिल वापरायला दिली होती. पहिल्यांदा माल रुळांखालच्या ट्रेमध्ये नुसता चुऱ्यासारखा पडायचा. तो खरवडून पुन्हा वर टाकायचा, पुन्हा चुरा. मिलवरचे मिस्तरी म्हणाले, "पीठ अजून मेळात आलं नाही, मारत राहा." चौथ्या-पाचव्या फेरीला अचानक तो चुरा रुळाला धरला आणि चामड्यासारखी सलग शीट फिरायला लागली. करडी, गुळगुळीत, किंचित चमकणारी. मिस्तरींनी सुरीनं आडवी कापून हातात दिली तेव्हा ती कोमट होती, दुमडली तर कडेला चीर पडत नव्हती. हे सिमेंट आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग घाईच घाई, कारण काही मिनिटांत ती ताठरायला लागते. गरम प्रेसमध्ये ८० अंशांवर दाबायची आणि नंतर ओव्हनमध्ये वाळवायची.

तयार पट्टी टेबलावर टाकली की चिनी मातीच्या बशीसारखी वाजायची. साध्या सिमेंट पेस्टची वाकवण्याची ताकद १० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) आसपास असते. एमडीएफची १५० पर्यंत जाते आणि हाय अल्युमिना, म्हणजे अल्युमिनियमचा अंश जास्त असलेलं सिमेंट वापरलं तर प्रकाशित झालेले आकडे २०० च्याही वर आहेत.

नंतर मी काही पट्ट्या बादलीत टाकल्या. तीन आठवड्यांनी काढल्या तेव्हा जाडी वाढली होती, कडा मऊ पडल्या होत्या आणि बोटाला बुळबुळीत लागत होतं. हातानं मोडल्या.

या विषयावर इथे कुणी काम केलंय का? आणि पॉलिमर म्हटलं की सरसकट "पाणी अडतं" असं का धरलं जातं?

पुलाखालचा

भोसरीकर, धागा काढलात याबद्दल मनापासून आभार. मी पुलांच्या कामात आहे. तुमचे आकडे किती मोठे आहेत ते आमच्या भाषेत सांगतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटची वाकवण्याची ताकद म्हणजे दाबाच्या ताकदीच्या वर्गमुळाच्या ०.७ पट. एम-२५ काँक्रीटला ती ३.५ मेगापास्कल येते. एवढी कमी असते म्हणूनच आपण लोखंड घालतो. १५० म्हणजे त्याच्या चाळीसपटीहून जास्त.

पोकळीच्या सिद्धांतावर मात्र थोडं थांबू या. त्याचं मूळ ग्रिफिथ यांच्या १९२१ च्या काचेवरच्या कामात आहे. तीन गोष्टी लागतात. पदार्थाचा ताठरपणा, तडा पुढे सरकवायला लागणारी ऊर्जा आणि आधीपासून असलेल्या भेगेची लांबी. पहिल्या दोघांचा गुणाकार करा, त्याला पाय (३.१४) गुणिले भेगेच्या लांबीनं भागा आणि वर्गमूळ काढा. साध्या सिमेंट पेस्टला ताठरपणा २० गिगापास्कल, ऊर्जा चौरस मीटरला २० ज्यूल आणि भेग १ मिलिमीटर धरा. उत्तर ११ मेगापास्कल. प्रत्यक्षात मिळतं साधारण तेवढंच.

आता भेग लहान करत जाऊ. दाट माल म्हणून ताठरपणा दुप्पट धरू. ६५ मेगापास्कल हवे असतील तर भेग ६० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणावी लागते. नीट मळून आणि दाबून ते जमण्यासारखं आहे, आणि रनकॉर्नचे सुरुवातीचे आकडेही ६०-७० च्याच घरात होते. पण १५० हवे असतील तर भेग ११ मायक्रॉनच्या वर चालत नाही. सिमेंटचे कित्येक कणच २०-३० मायक्रॉनचे असतात, आणि एवढ्या कमी पाण्यात ते आत तसेच कोरडे राहतात! म्हणजे नुसत्या पोकळ्या काढून १५० गाठता येणार नाही. तडा सरकवायची ऊर्जाच कशानं तरी वाढली असली पाहिजे, आणि ते पॉलिमरशिवाय दुसरं काय असणार?

अर्बानाकर

पुलाखालचा, गणित अचूक आहे. याच मुद्द्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. मी इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला शिकलो. माझा विषय वेगळा होता, पण एमडीएफवर तिथे ज्यांनी खूप काम केलं ते जे. फ्रान्सिस यंग तिथलेच, त्यामुळे हे पेपर तेव्हा हाताखालून गेले. पोपूला, क्रिवेन आणि यंग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की सिमेंटच्या प्रत्येक कोरड्या कणाभोवती एक अगदी पातळ थर असतो. तो निव्वळ पॉलिमर नाही आणि निव्वळ सिमेंटही नाही, दोघांच्या अभिक्रियेतून झालेलं तिसरंच काहीतरी आहे. त्या थरानं कण एकमेकांना बांधलेले असतात. मिलवर शीट "मेळात येते" ती बहुधा हीच घटना. रुळांच्या ताणाखाली पॉलिमर आणि सिमेंट रसायनानं जोडले जातात.

म्हणून पॉलिमर म्हणजे मळायला सोपं जावं म्हणून घातलेलं वंगण, हे सुरुवातीचं म्हणणं पुढे टिकलं नाही. पट्टी तापवून पॉलिमर जाळलं की ताकदही जाते.

रसायनी

पॉलिमरवालीची बाजू मांडते. नोकरीत वीस वर्षं लेटेक्स आणि गोंद हाताळलेत.

घरात लहान मुलं असतील तर स्लाइम पाहिलंच असेल. पांढरा गोंद आणि बोरॅक्सचं पाणी एकत्र केलं की क्षणात लवचीक गोळा होतो. बोरॅक्समधला बोरेट आयन गोंदातल्या पीव्हीएच्या लांब साखळ्यांना मधेमधे टाके घालतो. हाय अल्युमिना सिमेंट पाण्यात गेलं की अल्युमिनेट आयन सुटतात. त्यांची घडण बोरेटसारखीच आहे, मध्ये बोरॉनऐवजी अल्युमिनियम. तेही पीव्हीएला टाके घालतात. भोसरीकरांची चामड्यासारखी शीट ही सिमेंटच्या कणांनी ठासून भरलेल्या स्लाइमची जातभाई आहे. हाय अल्युमिनाचे आकडे साध्या, रोजच्या पोर्टलंड सिमेंटपेक्षा वर जातात त्याचं मोठं कारण हेच.

आता तेच स्लाइम पाण्याच्या वाटीत टाकून बघा. फुगतं आणि सैल पडतं. टाके पाण्यात सुटू शकतात, आणि पीव्हीए मुळातच पाण्याचं वेडं. पाणी शोषलं की ताठ असतं ते रबरासारखं मऊ होतं. एमडीएफमध्ये हे मऊ पडलेलं पॉलिमर नेमकं कणाकणांच्या मधल्या सांध्यात बसलेलं आहे.

वजनाच्या आकड्यानं फसू नका. ७ भाग ऐकायला थोडे वाटतात, पण सिमेंट जड आणि पॉलिमर हलकं, त्यामुळे आकारमानानं ते दुपटीहून जास्त जागा घेतं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरतं. पाण्याला आत जायला अख्खा रस्ताच मिळतो. आत पोचलं की दुसरा घात. पुलाखालचा म्हणाले ते कोरडे कण आता भिजतात, त्यांची हायड्रेशन, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया सुरू होते, जागा जास्त लागते, आणि आधीच सैल झालेला सांधा आतून रेटला जातो.

शुभदा_नाशिक

मी सिव्हिलची नाही, पण हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाथरूमच्या जुन्या कोब्यावर नवीन टाइल्स बसवताना गवंड्यानं स्लरीत सुताराचा पांढरा गोंद कालवला होता. "ताई, याच्यानं घट्ट पकड येते" म्हणाला. आणि खरंच आली. पहिली दीड वर्षं एक टाइल हलली नाही. नंतर शॉवरखालच्या टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजायला लागल्या. काढल्या तर खाली ओलसर पांढरट लगदा, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. सासूबाईंच्या औषधपाण्यातून वाचवलेले पैसे त्यात गेले. हे तेच का?

रसायनी

शुभदाताई, वाचून वाईट वाटलं. अगदी तेच नाही, पण सख्खं भावंड. सुताराचा पांढरा गोंद म्हणजे मुख्यतः पॉलिव्हिनाइल अॅसिटेट. सिमेंटच्या क्षारात त्याचा अॅसिटेट भाग हळूहळू तुटतो आणि मागे उरतं ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, जे पाण्यात जातं. कोरड्या खोलीत ही पकड वर्षानुवर्षं राहील. बाथरूम, गच्ची, टाकी इथे ओल लागली की गोंद परत पातळ होतो. अमेरिकेच्या एएसटीएम सी १०५९ या मानकात याचे सरळ दोन प्रकार पाडलेत. पहिला पाण्यानं पुन्हा विरघळणारा, फक्त घरातल्या कोरड्या जागेसाठी. दुसरा न विरघळणारा, ओलीच्या जागेसाठी. तुमच्या गवंड्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला पकड दिसत होती, आणि पकड खरीच होती.

ओलीच्या जागेला एसबीआर (एक कृत्रिम रबर) किंवा अॅक्रिलिक लेटेक्स मागा. त्यातलं पॉलिमर पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. सिमेंटनं पाणी ओढलं, उरलेलं उडालं, की गोळ्या एकमेकींना चिकटून पापुद्रा तयार होतो आणि तो परत पाण्यात जात नाही. सिमेंटच्या वजनाच्या १० ते २० टक्के घन पॉलिमर लागतं. डब्यातलं दूध निम्मं पाणीच असतं, तेव्हा हिशोब घन भागाचा करा.

आणि एक कळकळीची विनंती. लेटेक्सच्या कामावर आठवडाभर पाणी मारत बसू नका. पहिला दिवस-दोन दिवस ओलं ठेवा, नंतर वाळू द्या. वाळल्याशिवाय पापुद्रा बनत नाही. बिघडलेली निम्मी कामं मी या एका कारणानं बिघडलेली पाहिली आहेत.

पुलाखालचा

याला जोडून एक. लेटेक्स घमेल्यात जोरजोरात घोटलं की फेस येतो आणि तेवढी हवा मालात राहते. भोसरीकरांचे इंग्लंडवाले पोकळ्या काढायला एवढे झगडले आणि आपण साइटवर त्या हातानं घालतो. चांगल्या लेटेक्समध्ये फेस मारणारं द्रव्य असतं. तरी हळू कालवा.

तांबडी_माती

मालवणजवळ राहतो. आमच्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करत, आजोबांच्या घराच्या भिंती त्याच चुन्याच्या. किल्ल्यांवर चुन्याची घाणी सगळ्यांनी पाहिली असेल. गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी ओढायचं दगडी चाक. चुना तिथे नुसता मिसळत नसत, दिवसेंदिवस मळत. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालत. भोसरीकरांचं मिलचं वर्णन वाचताना मला ती घाणीच दिसली.

माझा प्रश्न शिंपल्याबद्दल आहे. शिंपल्याच्या आतला चमकदार थर हासुद्धा चुन्याचा क्षार आणि त्यात थोडंसं सेंद्रिय द्रव्य, बरोबर? तो तर जन्मभर समुद्रात असतो. तो कसा मऊ पडत नाही?

भोसरीकर

तांबडी माती, तुम्ही थेट बर्चॉलसाहेबांच्या आवडत्या विषयावर आलात. जीवसृष्टी थंड पाण्यात, भट्टीशिवाय इतके भक्कम खनिज पदार्थ कसे बनवते हा त्यांचा ध्यास होता, आणि शिंपल्याचं उदाहरण ते देत. त्या चमकदार थरात वजनानं सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि बाकी प्रथिनं वगैरे. खनिजाच्या सपाट चकत्या विटांसारख्या रचलेल्या, मध्ये सेंद्रिय थर. प्रमाण बघा, एमडीएफच्या किती जवळ आहे.

फरक त्या पाच टक्क्यांच्या जातीत आहे. शिंपल्यातलं सेंद्रिय द्रव्य पाण्यानं ओलं होतं पण विरघळत नाही, आणि ओलं असताना तो थर जास्त चिवट असतो. वाळलेला शिंपला जास्त ठिसूळ. आमच्या पट्टीचं बरोबर उलट. इंग्लंडातल्या मंडळींनी शिंपल्याची रचना ओळखली, प्रमाण ओळखलं, पण हाताशी होतं ते पॉलिमर पाण्यात विरघळणारं. आणि ते तसंच हवं होतं, कारण विरघळल्याशिवाय ते एवढ्या कमी पाण्यात सिमेंटला मळूच देत नाही. दोन वर्षं मी ज्या भिंतीवर डोकं आपटलं ती ही. मळताना पाण्यात विरघळणारं हवं, वाळल्यावर न विरघळणारं हवं.

अर्बानाकर

त्या भिंतीला भगदाडं पाडायचे प्रयत्न बरेच झाले. इलिनॉयमध्ये सेंद्रिय टायटेनेट घालून जास्त पक्के टाके मारून पाहिले, फुगणं कमी झालं. ब्रातिस्लाव्हाला स्लोव्हाक विज्ञान अकादमीत द्राबिक यांच्या गटानं सिमेंटच बदललं, सल्फोअल्युमिनेट-बेलाइट जातीचं घेतलं आणि सोबत पॉलिफॉस्फेट वापरलं.

मला सगळ्यात मोहवणारा मार्ग जपानमधला. त्यांनी पाणी घातलंच नाही! फिनॉल रेझिन आणि हाय अल्युमिना सिमेंट एकत्र मळलं. तापवल्यावर रेझिन पक्कं होताना त्यातून स्वतःचं पाणी सुटतं आणि ते सिमेंट पिऊन टाकतं. पक्कं झालेलं फिनॉल रेझिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात ताकद बरीच टिकते. मळण्याच्या वेळी एक आणि नंतर दुसरं, ही भोसरीकरांची अट इथे निदान तत्त्वानं पूर्ण होते.

आणि दुसरीकडे काँक्रीटवाले पॉलिमर सोडूनच पुढे गेले. डेन्मार्कमध्ये बाखे यांनी सिलिका फ्यूमचे अतिसूक्ष्म कण सिमेंटच्या कणांमधल्या फटींत भरले आणि सुपरप्लास्टिसायझरनं, म्हणजे कमी पाण्यातही माल वाहता ठेवणाऱ्या रसायनानं, पाणी कमी केलं. त्याच वाटेवर पुढे रिअॅक्टिव्ह पावडर काँक्रीट आलं. कॅनडात शेरब्रूकला १९९७ साली त्याचा ६० मीटरचा पादचारी पूल झाला. वाकवण्याची ताकद एमडीएफइतकी नाही, पण तो पूल पावसात आणि बर्फात उभा आहे.

चौथीची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धागा दोनदा वाचला. भोसरीकर सर, तुमच्याकडे जुनी पट्टी शिल्लक आहे का? असेल तर एक तुकडा शाळेला द्याल? स्लाइम मुलं करतात, शिंपला तांबडी माती दादा पाठवतील. तीन ग्लास पाणी आणि तीन वस्तू. चौथीच्या मुलांना याहून चांगला प्रयोग मी शोधू शकणार नाही.

तांबडी_माती

शिंपले आजच कुरियर करतो, बाई.

भोसरीकर

बाई, तुमचा निरोप वाचून कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार पट्ट्या निघाल्या. एवढ्या वर्षांत कोरड्या राहिल्या आहेत. एक फरशीवर टाकून बघितली, तशीच वाजली. दोन तुम्हाला पाठवतो. एक पाण्यात टाका, एक कोरडी ठेवा आणि मुलांना दोन्ही वाजवून बघू द्या. टाकण्याआधी वजन जरूर करा, किराणा दुकानातला डिजिटल काटा चालेल.

चौथीची_बाई

तीन आठवडे झाले म्हणून लिहिते.

स्लाइम दुसऱ्याच दिवशी पसरलं, चौथ्या दिवशी पाणी गढूळ. शिंपला होता तसा आहे. पट्टीला पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, मुलं कंटाळली. दुसऱ्या सोमवारी एका मुलीनं पट्टी काढून बोटानं चोळली आणि म्हणाली, "बाई, हिला शेवाळ लागलं." हिरवं काही नव्हतं, नुसती बुळबुळ. सर, तुम्ही लिहिली होती तीच. वजन वाढलंय. कोरडी पट्टी बाकावर टाकली की टण् आवाज येतो, ओलीचा लाकडासारखा बद्द. वर्गातले सगळे जण डोळे मिटूनही ओळखतात कुठली कोणती.

आता मुलांचा आग्रह आहे की ओली पट्टी खिडकीत वाळवायची आणि आवाज परत येतो का बघायचं. काल दुपारी ठेवली आहे. येत्या शनिवारी पुन्हा वजन करू.

भोसरीकर

बाई, वाळवताना सपाट ठेवा आणि वर पाटी ठेवा, नाहीतर वाकेल. माझ्या सगळ्या वाकल्या होत्या. शनिवारच्या आकड्याची वाट बघतो.